राष्ट्रगीतात विंध्य आहे, भिंतीवर का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत युरोप-अमेरिकेतल्या जुन्या निसर्गचित्रांवर लेख आला होता. जर्मनांना त्यांचं जंगल, इंग्रजांना त्यांचं खेडं आणि अमेरिकनांना त्यांचे कडे-धबधबे चित्रकारांनी दाखवले आणि त्यातून आपण एक देश आहोत ही भावना तयार झाली, असा एकूण सूर. लेख छान होता, कात्रण काढून ठेवलंय. पण शेवटी लेखकांनी हळहळ व्यक्त केलीय की आपल्याकडे तसे चित्रकार झाले नाहीत म्हणून आपल्या भूमीचं चित्र आपल्या डोळ्यासमोर येत नाही, ते वाचून मात्र राहवलं नाही म्हणून लिहायला बसले.

मी इंदूरची, शाळेत ड्रॉइंग शिकवण्यात आयुष्य गेलं, आता रिटायर्ड. डोळ्यासमोर चित्र येत नाही हे काही मला पटत नाही. चित्र लगेच येतं हो, पण ते भलतीकडचं असतं. वर्गात कधीही सांगा, पोरांनो सीनरी काढा. चाळीसच्या चाळीस वह्यांत दोन त्रिकोणी डोंगर, मधून अर्धा सूर्य, सूर्याच्या खालूनच निघालेली नदी, काठावर झोपडी आणि शेजारी नारळाचं झाड. इंदुरात नारळ देवळात फुटतो, झाडाला लागलेला पोरांनी बघितलेलाही नसतो, आणि असे त्रिकोणी डोंगर तर अख्ख्या माळव्यात शोधून सापडायचे नाहीत. तरी देश म्हटलं, निसर्ग म्हटलं की हात आपोआप तिकडेच जातो.

पोरांचं सोडा, मोठ्यांचं सांगते. इथल्या एका मराठी मंडळाच्या हॉलचं रिनोव्हेशन चाललंय, मीही कमिटीत आहे. स्टेजमागच्या भिंतीला ओल येऊन पोपडे निघाले होते, तिथे मोठा वॉलपेपर लावायचं ठरलं, आणि त्यात "आपली ओळख दिसली पाहिजे" यावर सगळ्यांचं एकमत, म्हणजे काय तर सह्याद्री, गड आणि ढग. व्हेंडरने ग्रुपवर डिझाइनं टाकली, एकावर अंगठ्यांचा पाऊस पडला, म्हणून मी ते झूम करून बघितलं. डोंगराच्या पायथ्याशी टोकदार सूचिपर्णी झाडांची रांग, वरच्या कोपऱ्यात बर्फ, आणि गड दुसऱ्याच कुठल्यातरी फोटोतून कापून आणून वर बसवलेला, म्हणजे गडाची सावली उजवीकडे पडतेय आणि डोंगराची डावीकडे. मी लिहिलं की अहो हे आल्प्स आहेत, ह्यात सह्याद्री कुठाय. त्यावर उत्तर आलं, "ताई, स्टेजवर लाइट लागल्यावर कोणाला कळतंय." आणि खाली परत अंगठे.

आता गंमत बघा. लेखात ज्या चित्रांचं एवढं कौतुक आहे त्यातली बरीचशी सुद्धा अशीच जोडून बनवलेली आहेत. तो धुक्याच्या समुद्राकडे बघत खडकावर पाठमोरा उभा असलेला हिरव्या कोटातला माणूस, जर्मन चित्रकार फ्रीडरिशने 1818 च्या सुमारास काढलेला, आज हॅम्बुर्गच्या म्युझियममध्ये आहे. ते दृश्य तसंच्या तसं कुठल्याही एका जागेवरून दिसत नाही. ड्रेस्डेनजवळ एल्बे नदीकाठच्या डोंगरात फिरताना त्याने जी स्केचेस केली होती त्यातला खडक इथला, सुळका तिथला असं करून स्टुडिओत रचना केलेली आहे. म्हणजे आमच्या व्हेंडरने जे केलं तेच म्हणायचं का? मुळीच नाही. फ्रीडरिश त्या प्रत्येक दगडासमोर पेन्सिल घेऊन बसलेला होता, कुठली भेग कशी जाते ते त्याच्या हाताला माहीत होतं, आणि म्हणून जोडकाम असूनही सावल्या भांडत नाहीत. वर्गात मी हेच सांगायचे, कल्पनेतून काढायचं असेल तर खुशाल काढा पण आधी एक खरा दगड काढून दाखवा.

आणि "आपला चित्रकार, आपली भूमी" हेही वाटतं तितकं सरळ नाहीये. फ्रीडरिश जन्मला 1774 मध्ये ग्राइफ्सवाल्डला, तेव्हा ते गाव स्वीडनच्या राजाकडे होतं आणि जर्मनी नावाचा एक देशच नव्हता, तो झाला 1871 मध्ये, ह्याला जाऊन तोवर तीस वर्षं उलटून गेली होती. त्याचं ते 1814 चं चित्र, सूचिपर्णी झाडांच्या घनदाट जंगलात एकटा पडलेला फ्रेंच सैनिक आणि मागे खुंटावर बसलेला कावळा, ते नेपोलियनच्या विरोधातलंच होतं हे खरं, पण फ्रीडरिश गेल्यावर लोक त्याला जवळजवळ विसरले आणि 1906 च्या बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात तो परत वर आला. पुढे नाझींनी त्याला डोक्यावर घेतलं. तो बिचारा एकट्याने उभं राहून धुकं बघत होता, त्याला झेंडा दुसऱ्यांनी दिला, तोही मेल्यानंतर.

नॉर्वेचा निसर्ग नॉर्वेला ज्याने दाखवला म्हणतात तो चित्रकार डाल राहायला ड्रेस्डेनमध्ये, फ्रीडरिशच्याच घरात वरखाली. अमेरिकेची ओळख घडवणारा थॉमस कोल जन्माने इंग्रज, थॉमस मोरानही तसाच, आणि बिअरस्टाट जर्मनीतला. बिअरस्टाटचं सिएरा नेवाडाचं प्रसिद्ध चित्र 1868 चं, कॅलिफोर्नियाचे डोंगर, तळं, काठावर हरणं, ढगांतून उतरणारा उजेड, सगळं काही आहे, आणि ते रंगवलं कुठे तर रोममध्ये, मग लंडन-बर्लिनला नेऊन लोकांना दाखवलं. इंग्रजांचं लाडकं ते चित्रकार कॉन्स्टेबलचं ओढ्यात उभ्या गाडीचं चित्र 1821 मध्ये लंडनला लागलं तेव्हा विकलंच गेलं नाही, 1824 ला पॅरिसमध्ये फ्रेंचांनी त्याला गोल्ड मेडल दिलं. म्हणजे घरच्यांना कळायला शेजाऱ्याने सांगावं लागतं हे तिकडेही आहेच.

चित्राचा उपयोग होतो, नाही कोण म्हणतंय. मोरान 1871 च्या सर्व्हेबरोबर यलोस्टोनला गेला, त्याची चित्रं आणि बरोबरच्या फोटोग्राफरचे फोटो वॉशिंग्टनला पोचले, आणि 1872 च्या मार्चमध्ये जगातलं पहिलं नॅशनल पार्क झालं. त्याच वर्षी तिथल्या संसदेने त्याचं मोठं चित्र 10 हजार डॉलरला विकत घेतलं. एका चित्राने एवढी जमीन वाचत असेल तर मी म्हणेन खुशाल काढा अजून. पण तीच चित्रं बघताना चौकटीबाहेर कोण राहिलं हेही बघायला हवं ना. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीची ती स्वर्गासारखी रिकामी दरी, ती आपोआप रिकामी नव्हती झाली, 1851 मध्ये बंदुका घेतलेल्या टोळीने तिथल्या मूळ लोकांना हुसकावून लावलं होतं, आणि 1863 मध्ये बिअरस्टाट तिथे इझल घेऊन पोचला, पुढच्याच वर्षी लिंकनच्या सहीने ती दरी राखीव झाली. कॉन्स्टेबलचं शांत खेडंही तसंच, त्याच भागातल्या शेतमजुरांनी उपासमारीने 1816 ला आणि 1822 ला दंगे केले होते, चित्रात मात्र कुत्रा सुद्धा शांत उभा आहे. लेखात याबद्दल एक ओळ तरी हवी होती असं वाटलं.

आणि "आपल्याकडे झालं नाही" म्हणताना एक गोष्ट राहून गेली. आपल्याकडे झालं की! फक्त ते ज्यांनी देश घेतला त्यांनी केलं. ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांच्या हातून ईस्ट इंडिया कंपनीच्या पॉपहॅम नावाच्या अधिकाऱ्याने ऑगस्ट 1780 मध्ये रात्री शिड्या लावून घेतला, आणि 1783 मध्ये चित्रकार विल्यम हॉजेस तिथे हजर, कॅप्टन कुकबरोबर पॅसिफिक फिरून आलेला, गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जच्या आश्रयाने हिंडणारा. त्याने किल्ल्याची चित्रं काढली ती पुढे लंडनला छापली गेली. मग डॅनियल हे चित्रकार काका-पुतणे आले, 1795 ते 1808 मध्ये त्यांनी 144 मोठी चित्रं छापली, घाट, देवळं, वडाची झाडं, कडे, आणि खाली कोपऱ्यात मुंगीएवढी माणसं. हिंदुस्थान "बघण्यासारखा" कसा आहे हे जगाने त्यातून शिकलं आणि खरं सांगायचं तर पुढे आपणही त्यातूनच शिकलो. आपल्या माणसांनी देश म्हणून काढायला घेतलं तेव्हा डोंगर-नद्या काढल्याच नाहीत, बाई काढली, 1905 मध्ये अवनींद्रनाथ टागोरांची भारतमाता, भगव्या वस्त्रातली, चार हातांची. त्यानंतर कॅलेंडरांवर नकाशा आला आणि त्या नकाशात उभी राहिलेली आई. डोंगर राहिले मागे पडद्यासारखे, त्यातही हिमालयच, कारण तो उंच, पांढरा आणि ओळखायला सोपा.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येते. राष्ट्रगीत सगळे रोज म्हणतात. "विंध्य हिमाचल यमुना गंगा." हिमालयाच्या आधी विंध्य आहे! हिमालयाचं चित्र काढ म्हटलं तर तिसरीतलं पोर काढेल. विंध्याचं काढ म्हटलं तर? कमिटीतल्या लोकांना मी हेच विचारलं, सगळे गप्प, एकजण म्हणाला विंध्य तर यूपीत ना, विंध्यवासिनी. अहो आपण त्याच्या डोक्यावर बसलोय! इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे आणि खाली नर्मदेकाठी महेश्वर 150 च्या आसपास, हा जो मधला 400 मीटरचा उतार आहे तोच विंध्य. आपल्या बाजूने तो डोंगर म्हणून दिसतच नाही. महूकडून शेतं, सोयाबीन, गहू, सपाट रस्ता, सपाट रस्ता, आणि एकदम जमीन संपते. खाली निमाड, म्हणजे नर्मदेकाठचा सखल मुलूख. वर चढावं लागत नाही म्हणून आपल्याला वाटतं इथे पर्वतच नाही, जानापावसारखी एखादी टेकडी सोडली तर मान वर करायचं कामच पडत नाही. पुराणातही त्याची गोष्ट वाकण्याचीच, मेरूशी स्पर्धा करत वाढत सुटला तेव्हा अगस्ती ऋषींनी सांगितलं मी दक्षिणेतून येईपर्यंत वाकून राहा, आणि ते परत आलेच नाहीत. (त्यानंतर दक्षिणेतून जे आले ते आपण, पण ऊठ म्हणायला कोणाला सुचलं नाही.)

आणि मला वाटतं चित्रकारांची अडचणही इथेच आहे. लेखातल्या त्या जुन्या युरोप-अमेरिकेतल्या चित्रांना सुळका लागतो, बघणारा खाली लहान आणि डोंगर वर मोठा, किंवा मग माणूस शिखरावर जाऊन पोचलेला. विंध्य म्हणजे कडा, काठ. तो काढायचा तर आडवा काढावा लागतो. कागद आडवा धरा, वरचा अर्धा भाग आकाश, मध्ये एक जवळजवळ सरळ निळसर रेघ, खाली ओहोळांनी कापलेले सपाट माथे एकामागे एक, आणि अगदी तळाला नर्मदेच्या बाजूचा पिवळट धुरकट पट्टा. उन्हाळ्यात सागाची पानं गळालेली, सगळं करडं-तपकिरी, त्यात मध्येच पळस पेटलेला. ह्याला हिरव्या रंगाची ट्यूब फारशी लागतच नाही, आणि सीनरी म्हणजे हिरवं असं डोक्यात बसलेल्याला हे चित्रच वाटत नाही.

बरं, सह्याद्री हवाच असा हट्ट असेल तर त्यालाही हरकत नाही, कारण दगड तोच आहे. पातालपाणीच्या धबधब्यावर जो काळा पायऱ्या-पायऱ्यांचा खडक दिसतो तो आणि लोणावळ्याच्या घाटात दिसतो तो, दोन्ही एकाच लाव्हाचे, साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या. आपल्या शेतातली काळी माती त्याचीच झालीय. मल्हारराव होळकर इथे आले त्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्राचा दगड येऊन पोचलेला होता, जोडायचंच असेल तर ह्याने जोडा ना, आल्प्स कशाला मध्ये? आणि महाराष्ट्राच्या राज्यगीतात नद्यांची नावं सुरू होतात ती रेवेपासून, म्हणजे आमच्या नर्मदेपासून. तिकडच्यांनी आमची नदी पहिली घेतली आणि आम्ही भिंतीवर लावायला परदेशातला बर्फ शोधतोय.

हे बघायला शिकवणारी माणसं ह्याच गावात होऊन गेलीत हे तर अजूनच वाईट वाटतं. 1927 मध्ये देवळालीकर मास्तरांनी इथे चित्रकला शाळा सुरू केली, होळकरांच्या राज्यात. त्यांच्या हाताखाली ना. श्री. बेंद्रे शिकले, इंदूरचाच जन्म, 1910 चा. डी. जे. जोशी शिकले, विष्णू चिंचाळकर गुरुजी शिकले, ज्यांना वाळकं पान आणि झाडाच्या मुळीतही चेहरा दिसायचा. चित्रकार एम. एफ. हुसेनचंही लहानपण ह्याच गावातलं. बेंद्रे पुढे 1930 च्या दशकात काश्मीरला पर्यटन खात्याच्या कामाला गेले, कारण पैसे काश्मीरच्या चित्रात होते, माळव्याच्या नाही, आणि 1950 पासून बडोद्याला फाइन आर्ट्सला शिकवून त्यांनी एक पिढी घडवली. आज बडोद्यात त्यांचं नाव घेतलं तर लोक सरसावून बसतात, इंदुरात मात्र बेंद्रे म्हटलं की लोक कवी समजतात. असो.

आता काही लोक म्हणतील की ताई, एक वॉलपेपर तो काय आणि त्यावर एवढं पुराण. पण त्या स्टेजवर पोरं नाचणार, भाषणं करणार, 26 जानेवारीला त्याच भिंतीसमोर राष्ट्रगीत म्हणणार, फोटो काढणार. डोळ्याला सवय लागते हो. तीच सवय पुढे जमिनीच्या किमतीत उतरते, जे "बघण्यासारखं" नाही ते भरायला, खोदायला, प्लॉट पाडायला मोकळं असं लोक धरून चालतात. टेकडी असेल तर मुरुमासाठी कापा, तलाव असेल तर काठाने कॉलनी. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले, चांगलंच झालं, पण त्याआधी कितीजणांनी सिरपूरला सुंदर म्हटलं होतं? पक्षी मोजणारी मंडळी सोडली तर बाकीच्यांसाठी ते धार रोडवरचं पाणी.

मला उद्या कोणी विचारलं की मग राष्ट्राची ओळख वगैरे चित्रांतून करायचीच नाही का, तर मी म्हणेन करा, पण एका चित्रावर अडून बसू नका आणि कोणी वरून ठरवून देऊ नका. जर्मनांनी एकाच चित्रकाराला राष्ट्राचा करून ठेवला आणि त्याचं पुढे काय झालं ते वर लिहिलंच आहे. आपल्याकडे एवढा मोठा देश, कोणाची ओळख खाडीत, कोणाची वाळूत, कोणाची सोयाबीनच्या सपाट शेतात. इंदूरच्या मराठी माणसाने गणपतीच्या आरासात रायगड जरूर करावा, पण रोज ज्या जमिनीवर गाडी चालवतो तीही एकदा मान वळवून बघावी, इतकंच.

कमिटीला मी लेखी दिलंय की भिंत कोरी ठेवा, चुन्याने रंगवा, आणि आपल्याच इथल्या फाइन आर्ट्सच्या पोरांना विंध्याच्या काठावरच्या जाम गेटवर एक दिवस स्केचिंगला नेऊन त्यांच्याकडून रंगवून घ्या. खर्चही कमी येईल, वॉलपेपरचं कोटेशन बघून मला तर घामच फुटला होता. त्यावर निर्णय काय होईल सांगता येत नाही, अॅडव्हान्स दिलाय अशी कुजबुज आहे.

तुमच्याकडे मागणं एवढंच की पुरवणीत अधूनमधून अर्धं पान द्या आणि वाचकांना सांगा, तुमच्या घरापासून दिसणारी जमीन काढून पाठवा, फोटो नको, हाताने काढलेली, वाकडी असली तरी चालेल, फक्त दोन त्रिकोणी डोंगर आले की परत पाठवा. आणि लेखकांना माझा निरोप द्या, पावसाळ्यात इकडे या म्हणावं. महूवरून मंडलेश्वरच्या रस्त्याने जाम गेटला न्यायची जबाबदारी माझी, अहिल्याबाईंच्या काळातला दरवाजा आहे, त्याच्यापुढे जमीन संपते आणि खाली सगळं पांढरं धुकं. तिथे रविवारी तुमच्या त्या फ्रीडरिशच्या माणसासारखी पाठमोरी पोरंपोरी ओळीने उभी असतात, डीपीसाठी, मक्याचं कणीस खात. छत्री मात्र आणू नका, तिथे वारा दरीतून वर येतो आणि पाऊस खालून लागतो, रेनकोटच आणा.

आपली,
एक जुनी वाचक आणि रिटायर्ड ड्रॉइंग टीचर,
इंदूर